डुकराच्या मूत्रपिंडावर होणारी यंत्रमानवाची परीक्षा

विषयाची व्याप्ती

शस्त्रक्रियेसाठी नवी यंत्रमानव-प्रणाली तयार झाली, तरी ती थेट रुग्णाच्या पोटात नेता येत नाही. आधी प्रयोगशाळेतील कृत्रिम अवयव, मग दान केलेले मृतदेह, त्यानंतर भूल दिलेले जिवंत प्राणी आणि शेवटी पारखून निवडलेले मोजके रुग्ण अशा पायऱ्या तिला चढाव्या लागतात. जिवंत प्राण्याच्या पायरीवर मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया वारंवार निवडली जाते आणि प्राणी बहुधा डुक्कर असतो. या दोन्ही निवडींमागे शरीररचनेची कारणे आहेत. अशा चाचणीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कारण ‘प्राण्यांवरील चाचणी यशस्वी’ या बातमीचा अर्थ पुष्कळदा भलताच लावला जातो.

मूत्रपिंडोच्छेदन

शरीरातून मूत्रपिंड काढून टाकण्याच्या क्रियेला मूत्रपिंडोच्छेदन म्हणतात. कर्करोगाची मोठी गाठ, खडे व जंतुसंसर्गामुळे निकामी झालेले मूत्रपिंड आणि जिवंत दात्याकडून होणारे अवयवदान ही त्याची प्रमुख कारणे. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग कापून उरलेले मूत्रपिंड शिवले जाते; त्याला आंशिक उच्छेदन म्हणतात. दोन्ही क्रिया खुल्या पद्धतीने, दुर्बिणीद्वारे किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने करता येतात.

प्राण्यांशी जुना संबंध

मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेचा प्राणिप्रयोगांशी असलेला संबंध यंत्रमानवाच्या पुष्कळ आधीचा आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये पहिले नियोजित मूत्रपिंडोच्छेदन केले. एका मूत्रपिंडावर जीव जगू शकतो का, हेच त्या काळी ठाऊक नव्हते. सिमोन यांनी आधी कुत्र्यांचे एकेक मूत्रपिंड काढून ती खात्री करून घेतली. दुर्बिणीद्वारे पहिले मूत्रपिंड राल्फ क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९९० मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे काढले. रुग्ण ८५ वर्षांची स्त्री होती आणि शस्त्रक्रियेला सुमारे सात तास लागले. अखंड मूत्रपिंड बारीक छिद्रातून बाहेर येणे शक्य नव्हते, म्हणून ते पोटातच पिशवीत घालून बारीक करून काढले गेले. हे तंत्रही आधी डुकरांवर बसवलेले होते. २००० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इंदरबीर गिल यांच्या गटाने ‘झ्यूस’ या यंत्रमानवाने डुकरांची मूत्रपिंडे काढली. त्या प्रयोगाची आखणी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे आणि तिचा उल्लेख पुढे येईल.

यंत्रमानवाची रचना

‘यंत्रमानव’ हा शब्द रूढ असला, तरी हे यंत्र स्वतः होऊन काही करत नाही. शल्यविशारद कन्सोलसमोर बसून हातातील नियंत्रके हलवतो आणि रुग्णाशेजारी उभे असलेले यांत्रिक हात त्या हालचाली पोटाच्या आत उमटवतात. कॅमेरा त्रिमितीय दृश्य दाखवतो. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लांब, सरळ उपकरण पोटाच्या भिंतीवर टेकलेले असते. त्यामुळे होडीच्या वल्ह्याप्रमाणे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते. यंत्रमानवाच्या प्रणालीत संगणक हा उलटेपणा नाहीसा करतो, हाताचा कंप गाळतो आणि हालचालींचे प्रमाण घटवतो. उपकरणाच्या टोकाशी मनगटासारखा सांधा असल्याने आडव्या-तिडव्या कोनातही टाका घालता येतो.

यंत्रणेची सुरक्षितता एका भौमितिक अटीवर उभी आहे. प्रत्येक उपकरण पोटाच्या भिंतीतील पोर्टमधून आत जाते आणि यांत्रिक हात कसाही फिरला, तरी त्या छिद्राशी असलेला बिंदू स्थिर राहावा लागतो. तो सरकला तर पोटाची भिंत ताणली किंवा फाटली जाते. काही प्रणाल्यांत ही स्थिरता हाताच्या यांत्रिक जोडणीतूनच येते, तर काहींत ती संगणकीय गणिताने राखली जाते. दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीत आज्ञावलीची परीक्षा अधिक कडक असावी लागते.

नव्या प्रणालींची गर्दी

‘दा विंची’ या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली आणि पुढील दीड दशकाहून अधिक काळ तिला मोठा स्पर्धक उरला नाही. तिची सुरुवातीची पेटंटे संपू लागली, तशा ब्रिटनची व्हर्सियस, अमेरिकी कंपनीची ह्यूगो, दक्षिण कोरियाची रेव्हो-आय, जपानची हिनोतोरी आणि भारतातील एसएसआय मंत्रा अशा प्रणाल्या पुढे आल्या. प्रत्येकीच्या हातांची मांडणी, कन्सोल व उपकरणे वेगळी आहेत. म्हणून एकीचा पुरावा दुसरीला लागू होत नाही आणि प्राण्यांवरील परीक्षा प्रत्येकीला नव्याने द्यावी लागते.

मूत्रपिंडच का

मूत्रपिंड पर्युदराच्या मागे, पाठीच्या स्नायूंना लागून असते. तिथे पोहोचण्यासाठी आतडे बाजूला सारावे लागते, मूत्रवाहिनी ओळखून मोकळी करावी लागते आणि तिच्या आधाराने वर सरकत मूत्रपिंडाच्या द्वारापर्यंत जावे लागते. पकडणे, ताणणे, सोलणे, विद्युतप्रवाहाने रक्तस्राव थांबवणे, क्लिप लावणे, कापणे आणि अवयव पिशवीत घालणे या सगळ्या क्रिया या एकाच शस्त्रक्रियेत येतात. काम पोटाच्या खालच्या भागापासून बरगड्यांपर्यंत पसरलेले असल्याने यांत्रिक हातांची पोहोच आणि त्यांची आपसातील टक्करही तपासली जाते.

सर्वांत कठीण जागा मूत्रपिंडाच्या द्वाराशी असते. माणसाच्या हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांतून वाहतो. म्हणजे मिनिटाला एक लिटरहून थोडे अधिक रक्त. इथे पुढे पातळ भिंतीची, रुंद नीला असते आणि तिच्या आड रोहिणी लपलेली असते. आधी रोहिणी बंद करावी लागते. क्रम चुकून नीला आधी बांधली, तर रक्त आत येत राहते, बाहेर जात नाही आणि मूत्रपिंड फुगून रक्ताळते. म्हणून नीलेच्या मागे उपकरण घालून, ती न दुखावता रोहिणीभोवतीची ऊती अलगद दूर करावी लागते. उजव्या बाजूला नीला आखूड असून लगेच अधोमहानीलेत मिळते, त्यामुळे तिथे चुकीला जागा फारच कमी. यंत्राच्या टोकाचा अचूकपणा, दृश्याची खोली आणि कन्सोलवरचा माणूस व रुग्णाशेजारचा सहायक यांचा मेळ या काही सेंटिमीटरच्या जागेत उघडा पडतो. नव्या प्रणालीसाठी ही शस्त्रक्रिया निवडण्याचे माझ्या मते हेच सर्वांत सबळ कारण आहे.

डुकराची निवड

चाचणीसाठी बहुधा ३० ते ५० किलो वजनाची तरुण डुकरे घेतली जातात. त्यांची उदरपोकळी माणसासाठी बनवलेली उपकरणे सामावण्याइतकी मोठी असते. डुकराच्या मूत्रपिंडाची अंतर्रचना माणसाप्रमाणे अनेक पिरॅमिडांची व अनेक कप्प्यांची असते. कुत्रा किंवा मेंढी यांच्यात हे कप्पे एकत्र मिसळलेले असतात. रक्तवाहिन्यांचा व्यास आणि रक्तदाबही माणसाच्या जवळपास असतो.

साम्य असले तरी फरकही मोठे आहेत. तरुण डुकराच्या मूत्रपिंडाभोवती चरबी फारच कमी असते. माणसात, विशेषतः स्थूल पुरुषात, ती जाड आणि चिकट असू शकते आणि शस्त्रक्रियेचा बराच वेळ ती सोलण्यातच जातो. आतड्याची मांडणीही वेगळी आहे. डुकराचे मोठे आतडे शंखाकृती वेटोळे घालून डाव्या बाजूला बसलेले असते. शिवाय चाचणीतील डुक्कर निरोगी असते. त्याच्या पोटात जुन्या संसर्गाचे चिकटलेपण, आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण किंवा रक्तवाहिन्या ओढून घेणारी गाठ यांपैकी काहीच नसते.

मृतदेह व जिवंत ऊती

मृतदेहात मानवी शरीररचना मिळते, पण रक्त वाहत नाही. डुकरात रक्त वाहते, ऊती ताणल्यावर मागे येतात, श्वासाबरोबर अवयव हलतात, पण रचना माणसाची नसते. मृतदेहावर पोर्ट कुठे टाकावेत, हात कसे मांडावेत हे ठरवता येते. रक्तस्राव झाल्यावर यंत्र व चमू काय करतात हे मात्र जिवंत प्राण्यात दिसते. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून व्हर्सियस प्रणालीची मूत्रपिंड व प्रोस्टेट शस्त्रक्रियांसाठीची पूर्वपरीक्षा मृतदेह आणि जिवंत डुकरे या दोहोंवर करण्यात आली.

शस्त्रक्रियेचा क्रम

डुकराला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात. भूल देणे हे इथे स्वतंत्र कौशल्य आहे: लांब मुस्कट आणि स्वरयंत्राचा कोन यांमुळे श्वासनलिकेत नळी घालताना लांब पात्याची दुर्बीण लागते. काही जातींत भुलीच्या वायूमुळे शरीराचे तापमान धोकादायक रीतीने वाढण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यामुळे तापमानावर सतत नजर ठेवतात. प्राण्याला कुशीवर निजवून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवला जातो. हा वायू रक्तात शोषला जातो, म्हणून उच्छ्वासातील त्याचे प्रमाणही मोजावे लागते.

यानंतर यांत्रिक हात पोर्टना जोडले जातात. या जोडणीला लागणारा वेळ वेगळा नोंदवतात, कारण नव्या प्रणालीत पहिली अडचण बहुधा इथेच येते: दोन हात एकमेकांना अडतात किंवा एखादा हात प्राण्याच्या मांडीवर टेकतो. मग पर्युदर उघडून मूत्रवाहिनी शोधली जाते, ती उचलून धरत द्वारापर्यंत पोहोचतात आणि रोहिणी मोकळी होते. अनेक प्रणालींत क्लिप लावण्याचे काम शेजारचा सहायक स्वतःच्या हातातील उपकरणाने करतो. कन्सोलवरील व्यक्ती रोहिणी ताणून धरते आणि सहायक दुसऱ्या पोर्टमधून क्लिप आणतो. क्लिपचे टोक रोहिणीच्या पलीकडे बाहेर आलेले दिसल्याशिवाय ती मिटायची नसते. महारोहिणीच्या बाजूला एकाहून अधिक क्लिपा ठेवून मगच रोहिणी कापतात. त्यानंतर नीला आणि शेवटी मूत्रवाहिनी. मूत्रपिंड सुटल्यावर पोटातील वायूचा दाब मुद्दाम उतरवून क्लिपांची जागा पुन्हा पाहिली जाते, कारण वायूच्या दाबाने दबलेला नीलेचा रक्तस्राव तेव्हाच उघड होतो.

बिघाडांची तालीम

यंत्र नीट चालते हे दाखवणे सोपे. ते बिघडल्यावर इजा होत नाही हे दाखवणे अवघड. वीज जाणे, केबल सुटणे, कॅमेऱ्याचे चित्र गोठणे असे बहुतेक बिघाड कोरड्या प्रयोगशाळेत घडवून पाहिले जातात. आणीबाणीत सर्व हात बाजूला करून खुल्या शस्त्रक्रियेकडे वळण्याची रंगीत तालीम मात्र प्राण्यावर केली, तरच तिला अर्थ येतो. रोहिणीतून रक्त उसळत असताना उपकरणाचा जबडा ऊतीवर मिटलेल्या स्थितीत अडकला, तर तो हाताने उघडता आला पाहिजे; आणि त्यासाठी कुठली चावी कुठे ठेवली आहे हे चमूला डोळे मिटून ठाऊक हवे. अशा यंत्रांच्या मूलभूत सुरक्षिततेसाठी आयईसी ८०६०१-२-७७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोजमाप आणि तुलना

जोडणीचा वेळ, कन्सोलवरचा वेळ, रक्तस्राव, आजूबाजूच्या अवयवांना झालेली इजा, हातांच्या टकरा आणि यंत्रातील दोष या नोंदी नेहमीच्या आहेत. पुढे शवविच्छेदनात प्लीहा, आतडे व महारोहिणी यांवर भाजल्याच्या किंवा ओरखड्याच्या खुणा शोधतात. उष्णता किती खोलवर पसरली हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

क्लीव्हलँडच्या प्रयोगात प्रत्येक डुकराचे एका बाजूचे मूत्रपिंड यंत्रमानवाने आणि दुसऱ्या बाजूचे साध्या दुर्बिणीने काढले होते. प्राणी तोच, वजन तेच, भूल तीच. त्यामुळे तुलना स्वच्छ झाली आणि कमी प्राणी लागले. यंत्रमानवाला दुपटीहून अधिक वेळ लागला, रक्तस्राव मात्र दोन्हीकडे तुल्य होता. या आखणीची किंमतही तिच्यातच दडलेली आहे: दोन्ही मूत्रपिंडे काढलेला प्राणी जगू शकत नाही, म्हणून त्याला भुलीतून बाहेर न आणताच मरण दिले जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे काहीच अशा अभ्यासातून कळत नाही. उशिरा सुरू होणारा रक्तस्राव, आतड्याच्या भाजलेल्या जागेला काही दिवसांनी पडणारे छिद्र, जखमेचा संसर्ग या गोष्टी पाहायच्या, तर एकच मूत्रपिंड काढून प्राण्याला काही दिवस वा आठवडे जगवावे लागते. त्या काळात रक्तातील क्रिएटिनिन, वजन आणि खाणेपिणे यांची नोंद होते. ज्या अहवालात केवळ भुलीखालील निष्कर्ष आहेत, त्याला सुरक्षिततेचा पूर्ण पुरावा मानता येत नाही.

नीती व कायदा

प्राणिप्रयोगांच्या नीतीचा पाया रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांवर आहे: शक्य तिथे प्राण्याऐवजी पर्याय वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे. भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार नेमलेली केंद्रीय समिती या प्रयोगांचे नियंत्रण करते. लहान प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेची समिती परवानगी देऊ शकते. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची मान्यता लागते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रयोगानंतर प्राण्याच्या पुनर्वसनाचे चौथे तत्त्वही जोडलेले आहे. मृतदेहावर किंवा कृत्रिम अवयवावर मिळू शकणारे उत्तर प्राण्याकडून मिळवणे हा वैज्ञानिकदृष्ट्याही अपव्यय आहे आणि नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे.

प्राण्याकडून रुग्णाकडे

शस्त्रक्रियेतील नव्या पद्धतींचे मूल्यमापन पायरीपायरीने व्हावे, यासाठी ‘आयडियल’ ही चौकट २००९ मध्ये मांडली गेली. उपकरणांसाठी तिला पुढे शून्याची पायरी जोडण्यात आली. प्राणी व मृतदेह यांवरील काम याच पायरीत मोडते. त्यापुढची पायरी म्हणजे माणसावरील पहिला वापर. व्हर्सियस प्रणालीच्या बाबतीत ही पायरी महाराष्ट्रात चढली गेली. २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात ३० रुग्णांवर तिची पहिली मानवी चाचणी झाली. त्या शस्त्रक्रिया स्त्रीरोग आणि सामान्य शल्यचिकित्सेच्या होत्या, मूत्रपिंडाच्या नव्हत्या. प्राण्याच्या पायरीवर अवघड शस्त्रक्रियेने यंत्राची कसोटी घ्यावी आणि माणसात मात्र तुलनेने कमी जोखमीच्या शस्त्रक्रियेपासून सुरुवात करावी, हा क्रम सावधपणाचा आहे.

मर्यादा

प्राण्यावरील चाचणी यंत्राची परीक्षा घेते. रुग्णाचा लाभ तिच्या कक्षेत येत नाही. हे अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतून मिळते. २००३ ते २०१५ या काळात तिथे कर्करोगासाठी किंवा गाठीच्या संशयाने संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या २३,७५३ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रमानव आणि साधी दुर्बीण यांच्यात मोठ्या गुंतागुंतींच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. चार तासांहून अधिक लांबलेल्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र यंत्रमानवाच्या गटात ४६.३ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात २५.८ टक्के होते. खर्चही प्रत्येक रुग्णामागे सुमारे २,७०० डॉलरने अधिक होता. तरीही याच काळात यंत्रमानवाचा वाटा १.५ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत गेला.

संपूर्ण उच्छेदनात टाके घालण्याचे काम जवळजवळ नसते. क्लिपा लावल्या की मुख्य काम झाले. मनगटासारख्या सांध्याचा लाभ तिथे मर्यादितच राहणार. आंशिक उच्छेदनात चित्र बदलते. रोहिणी तात्पुरती बंद करून गाठ कापायची आणि उरलेल्या मूत्रपिंडाला रक्ताविना इजा होण्याआधी, साधारण २५ ते ३० मिनिटांच्या आत, ते शिवून रक्तप्रवाह पुन्हा सुरू करायचा असतो. वाकड्या कोनातून झपाट्याने टाके घालण्याची यंत्रमानवाची क्षमता इथे खरोखर उपयोगी पडते. म्हणून नव्या प्रणालींच्या प्राणिचाचण्यांत आंशिक उच्छेदनाचाही समावेश केला जातो. पण डुकरात गाठ नसते. मूत्रपिंडाच्या कडेचा ठरावीक तुकडा गाठ मानून कापला जातो आणि कर्करोगाच्या पेशी मागे राहिल्या का, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

स्पर्शाची उणीव हीही एक मर्यादा आहे. दीर्घकाळ बहुतेक यंत्रमानव ओढ किंवा ताण हाताला जाणवू देत नव्हते. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंचीच्या पाचव्या पिढीत ही सोय आली. तोवर नीलेवर पडणारा ताण शल्यविशारद केवळ डोळ्यांनी, ऊतीच्या बदलत्या रंगावरून व आकारावरून ओळखत आला.

प्रशिक्षणातील वापर

प्रणालीला मान्यता मिळाली, तरी प्राण्यांचा वापर लगेच थांबत नाही. यंत्र नव्याने शिकणारे शल्यविशारदही भूल दिलेल्या डुकरांवर सराव करतात. हा वापर घटवण्यासाठी दोन पर्याय पुढे येत आहेत. संगणकीय सिम्युलेटरवर हालचालींचा मूलभूत सराव होतो. रक्तवाहिन्यांसह घडवलेल्या मऊ जेलच्या कृत्रिम मूत्रपिंडात रंगीत द्रव खेळवून क्लिप सुटल्यावरचा रक्तस्रावही उभा करता येतो. अशी प्रतिकृती रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून बनवता येत असल्याने तिच्यात गाठही असते आणि माणसाची रक्तवाहिन्यांची मांडणीही. भूल, श्वासोच्छ्वास आणि जिवंत ऊतींची प्रतिक्रिया या गोष्टी मात्र तिच्यात अद्याप येत नाहीत.